हिंदुरावांनी विद्यापीठाशी केलेला करार

कंपनीतून निवृत्त झालेला माणूस काय करतो, हे रुपीनगरात सगळ्यांना ठाऊक आहे. तो सकाळी दूध आणतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी चौकात उभा राहून देश चालवतो आणि उरलेल्या वेळात बायकोच्या स्वयंपाकघरात नाक खुपसतो. हिंदुरावांनी हे सगळं दोन महिने मन लावून केलं. तिसऱ्या महिन्यात सुमनताई म्हणाल्या, "अहो, एक तर तुमी कुठंतरी जावा, न्हाईतर मी तरी म्हायेरी जाते." म्हणून हिंदुराव विद्यापीठात गेले.

म्हणजे तसे ते उगीच गेले नव्हते. पाटणजवळच्या गावातून पोटापाण्यासाठी आले तेव्हा कॉलेज अर्ध्यात सुटलं होतं. पुढं चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत तिसऱ्या पाळीत डुलक्या खात त्यांनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. त्याच कंपनीत ते अनेक वर्षं युनियनचे सेक्रेटरी होते. साहेब लोकांशी त्यांनी केलेले करार कामगार अजून चवीनं सांगतात. एम.ए. व्हायचं मात्र राहून गेलं होतं. तळवड्याच्या पुढं माळावर विद्यापीठाचं उपकेंद्र निघालं, तेव्हा त्यांनी राज्यशास्त्राला नाव घातलं, खांद्यावर अडकवायची पिशवी घेतली आणि पहिल्या दिवशी तास सुरू व्हायच्या अर्धा तास आधी जाऊन बसले. शिपायानं त्यांना प्राध्यापक समजून पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी खरं काय ते सांगितलं.

वर्गात पोरंपोरी पुष्कळ होती, पण ती बहुतेक कागदावर. जी येत, ती गेटसमोरच्या चहाच्या टपरीपर्यंत येत आणि तिथंच रमत. प्राध्यापकही शहाणे होते. वर्ग रिकामा दिसला की तेही टपरीवर येत. एकमेकांकडं पाठ करून दोघंही चहा पीत. असा सगळा गुण्यागोविंदाचा कारभार होता.

चळवळ होती, पण ती मिहिरच्या ताब्यात होती. मिहिर निगडी प्राधिकरणात राहायचा. वडील बँकेत, आई शिक्षिका, त्यामुळं क्रांती करायला त्याच्याकडं भरपूर वेळ होता. दाढी, झोळी, डोळ्यांत जागरण. जगात कुठंही अन्याय झाला की मिहिर गेटवर पोस्टर लावायचा. पोरगा मनाचा सच्चा होता, यात वाद नाही. फक्त गेटवरचा अन्याय त्याला पोस्टरच्या मागं दिसत नसे.

तो अन्याय एका पोरीनं हिंदुरावांना दाखवला. दिव्या लातूरकडची, वडील तळवड्यात एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला. वर्गात रोज येणाऱ्या मोजक्या पोरांत ती. शेवटचा तास साडेपाचला सुटायचा आणि घर तर निगडीच्या अलीकडं. उपकेंद्रापासून मोठ्या रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर विजेचा एकही खांब नाही, आणि रस्त्यावर कंटेनर असे सुसाट की रिक्षासुद्धा थांबायला घाबरते. श्रावण संपला, दिवस लहान व्हायला लागले, आणि एका दुपारी दिव्या वर्गात गुडघ्यात मान घालून बसलेली हिंदुरावांना दिसली.

"काय झालं गं पोरी?"

"काका, बाबा म्हणायलेत, दिवाळीपासून कॉलेज बंद. अंधारात यायचं नाही म्हणायलेत. गाडीची काही सोय झाली तर बघू म्हणले. नाहीतर गावाकडं एक स्थळ आलंय." मग नाक ओढून म्हणाली, "त्यांचं पण काय चुकलंय? एकदा ट्रकवाला पाठीमागं लागला होता माझ्या."

हिंदुरावांना मुलगी नव्हती. मुलगा होता, तो बंगळूरला, फोनवर "जेवलात का" एवढं विचारणारा. ते उठले, मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं आणि म्हणाले, "बघतो मी." कंपनीत हे दोन शब्द ऐकले की मोठ्या साहेबाच्या तोंडचं पाणी पळायचं.

त्याच संध्याकाळी टपरीवर सभा झाली. मिहिर म्हणाला, "काका, आम्ही निवेदनं दिलीत. आपण आधी भूमिका ठरवू. ठिय्या द्यायचा की धरणं, यावर दोन मतप्रवाह आहेत."

"मिहिरभाऊ, ते वाहू द्या. हितं गेट मीटिंग लावायची."

आणि विद्यापीठाच्या इतिहासात कधी झालं नव्हतं, ते सुरू झालं. हिंदुरावांनी आंदोलन कंपनीच्या शिस्तीनं चालवलं. पहिल्या आठवड्यात काळ्या फिती. दुसऱ्या आठवड्यात गेट मीटिंग, तीही पाळी सुटायच्या वेळेला. इथं पाळी नसल्यामुळं ती नेमकी कधी घ्यायची, यावरच अर्धा दिवस गेला. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आपलं ठेवणीतलं हत्यार काढलं. जेवणावर बहिष्कार.

कंपनीत कँटीनच्या जेवणावर बहिष्कार टाकला की हजार माणसांचा स्वयंपाक वाया जातो आणि साहेब वठणीवर येतो. उपकेंद्रात कँटीनच नव्हतं. पोरं घरून डबे आणत. पण हे कुणाच्या लक्षात यायच्या आधी ठराव पास झाला होता. तेव्हा सगळ्यांनी आपापल्या डब्यांवर बहिष्कार टाकला. डबे ओळीनं पायऱ्यांवर मांडले, त्यांच्यासमोर पोरं पोट आवळून घोषणा देत बसली. मेथीचा, लोणच्याचा आणि कुणाच्या तरी सुक्या बोंबलाचा वास माळावर दरवळत होता. वर खिडकीत संचालक डॉ. गुरुदत्त स्वतःचा डबा शांतपणे खात होते. संध्याकाळी भरला डबा परत आलेला पाहून सुमनताई कडाडल्या, "भरल्या वांग्यानं काय घोडं मारलं व्हतं तुमचं?" हिंदुरावांनी आंदोलन समजावून सांगितलं. सुमनताईंनी ऐकून घेतलं आणि तीच वांगी रात्री ताटात वाढली.

पण एक खरं, तिसऱ्या दिवशी संचालकांनाच त्या वासानं जेवण जाईना. त्यांनी बोलणी करायला बोलावलं.

डॉ. गुरुदत्त प्रभारी संचालक होते, स्वभावानं गरीब. भांडण म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. समोर हिंदुराव, शेजारी मिहिर आणि दिव्या. हिंदुरावांनी मागणीपत्र पुढं सरकवलं. त्यात बस होती आणि बसच्या मागंपुढं गणवेश, सेफ्टी बूट, हात धुवायचा साबण आणि दिवाळीला मिठाईचा पुडा होता. बाहेर त्यांनी पोरांना समजावलं होतं की या मागण्या सोडून देण्यासाठी असतात. आपण त्या सोडल्या की साहेबाला जिंकल्यासारखं वाटतं आणि तो खरी मागणी मान्य करतो.

संचालकांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "साबण देता येईल! स्वच्छतेच्या निधीत बसतं. मिठाईचंही बघतो." त्यांनी लगेच तसं लिहूनही टाकलं. "बसला मात्र तरतूद नाही हो."

हिंदुराव गोंधळले. तीस वर्षांत साबण कुणी पहिल्या बैठकीत दिला नव्हता. पण त्यांनी सावरून घेतलं. बसचं त्यांनी आधीच जुळवून ठेवलं होतं. रस्त्याकडच्या लहान लहान कंपन्यांचे कामगार उचलत एक बस रोज संध्याकाळी चाकणकडून निगडीला जाते, ती अर्धी रिकामी असते. तिचा ठेकेदार त्यांच्या ओळखीचा. थोडं डिझेल द्यायचं, की बस फाट्यावरून आत गेटपर्यंत येईल. संचालकांनी हे ऐकलं आणि ते विचारात पडले. गप्प बसले.

ही गप्प बसण्याची जागा फार धोक्याची होती. संचालक मनातल्या मनात फक्त डिझेलचा हिशेब जुळवत होते, आणखी थोडा वेळ गेला असता तर ते "बरं" म्हणाले असते. पण कंपनीत साहेब गप्प बसला की त्याचा अर्थ एकच असतो, बदल्यात तुम्ही काय देता? करार म्हणजे देवाणघेवाण. पगारवाढ घ्यायची तर उत्पादन वाढवून द्यायचं. हिंदुरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सायेब, आमी फुकट मागत न्हाई. बस द्या, आमी नव्वद टक्के हजेरी देतो."

मिहिरचा चहा नाकातून बाहेर आला.

"परत एकदा म्हणा," संचालक म्हणाले. विद्यापीठाच्या मुख्य केंद्राची समिती तपासणीला येणार होती. मागच्या खेपेला समितीला वर्गात दोन विद्यार्थी आणि एक कुत्रं आढळलं होतं, तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती.

"नव्वद टक्के. कमी भरली तर त्या विषयाला परीक्षेला बसायचं न्हाई. आन हजेरी आत येताना न्हाई, तास सुटताना घ्यायची. आत येताना घेतली की पोरं पंचिंग करून पळत्यात, मला म्हाईत हाय. करार तीन वर्सांचा."

"काका," मिहिर कळवळून म्हणाला, "आपण दोन वर्षांत बाहेर पडणार आहोत!"

"मग मागनं येणाऱ्यास्नी उपेग हुईल."

सह्या झाल्या. हिंदुरावांनी जुन्या पद्धतीप्रमाणे पेढे वाटले. पोरांनी पेढे खाल्ले आणि मग त्यांना शिव्या घातल्या. नव्वद टक्के म्हणजे रोज यायचं, आत यायचं, आणि शेवटपर्यंत बसायचं! दोघं पोरं कंत्राटावर कामाला होती, त्यांच्या सुपरवायझरला फोन करून हिंदुरावांनी त्यांची पाळी बदलून दिली. बाकीच्यांना काही कारणच उरलं नाही. पोरांपेक्षा जास्त हातपाय गळाले ते प्राध्यापकांचे. वर्ग भरलेला पाहून एका सरांनी आपण चुकीच्या खोलीत आलो असं समजून दार लावून घेतलं. दुसरे हिंदुरावांना जिन्यात गाठून म्हणाले, "काका, आम्हाला विचारायचं तरी. आता शिकवावं लागतंय हो." टपरीवाल्यानं तर आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आनंद एकटी दिव्या करत होती. बापाला सांगितलंय म्हणाली, बस येणार म्हणून.

आणि पहिल्या दिवशी बस आलीच नाही. फाट्यावरून सरळ निघून गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. हिंदुरावांनी ठेकेदाराला झापलं, त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, पण ठेकेदाराचे ड्रायव्हर रोज बदलायचे. आणि या पट्ट्यात कामगारांच्या बसचा एक रिवाज आहे. रस्त्यावर कुणीही हात केला तरी ड्रायव्हर थांबत नाही, नाहीतर सगळा गाव फुकटात चढेल. तो थांबतो ते अंगावर कुठल्या तरी कंपनीचा शर्ट दिसला तरच. रंगीत कपड्यांतली पोरंपोरी त्याला दिसतच नाहीत.

हे ध्यानात आलं तसं हिंदुरावांनी घरी जाऊन कपाट उपसलं. दोन युनिफॉर्म होते. एकाच्या पँटीनं सुमनताई फरशी आणि त्याच्या शर्टानं गॅसची शेगडी पुसत होत्या. दुसरा शर्ट त्यांनी हिसकावून वाचवला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला, निम्मा तास झाल्यावर, ते पिशवी घेऊन हळूच उठले. अर्धा किलोमीटर चालत फाट्यावर गेले, बाभळीच्या आडोशाला सदऱ्यावर निळा शर्ट चढवला आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. बस लांबूनच हळू झाली. त्यांनी तिला आत वळवलं, येता येता शर्ट काढून पिशवीत कोंबला, आणि तास सुटला तेव्हा गेटवर बस उभी होती, पुढच्या सीटवर हिंदुराव.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. कुणाला त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दिव्या म्हणाली असती मी उभी राहते, आणि तिची हजेरी गेली असती. पोरांना वाटायचं, काका खिडकीची जागा धरायला आधी पळतात. मिहिर तर म्हणाला, "नेतृत्वाला सवलतीची सवय लागते, हे आपण वाचलेलंच आहे."

दुःखाची गोष्ट अशी की शेवटचा तास चित्रा मॅडमचा होता, विषय 'कामगार चळवळीचा इतिहास'. याच विषयासाठी तर हिंदुरावांनी एम.ए.ला नाव घातलं होतं! मॅडम शिकवायच्याही जीव ओतून. कुठल्या तरी गिरणीत संप पेटायचा, बायका पोरं घेऊन रस्त्यावर यायच्या, मालक हटून बसायचा, आणि नेमकं तिथंच हिंदुरावांना उठावं लागायचं. त्या सत्रात त्यांनी पुष्कळ संप सुरू झालेले ऐकले, मिटलेला एकही ऐकला नाही. मॅडमना वाटायचं, या माणसाला सगळं येतं असा याचा समज आहे. त्या मान वळवायच्या. हिंदुरावांना ते लागायचं, फार लागायचं. पण बसचा आवाज आला की ते विसरायचे.

दिवाळी झाली. दिव्याचं कॉलेज चालू राहिलं, स्थळ परत गेलं. समिती आली, भरलेला वर्ग पाहून तिनं संचालकांची पाठ थोपटली. आणि परीक्षेच्या आधी हजेरीचा कागद फळ्यावर लागला. सगळ्या वर्गात एका विषयात एकच माणूस कमी भरला होता. नाव वाचायला चष्मा लागत नव्हता, तरी हिंदुरावांनी तो पुसून दोनदा लावला.

संचालक त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "हिंदुराव, तुमच्यापुरतं आपण बघू ना काहीतरी."

"सायेब, करारावर सही माझी हाय," एवढं बोलून ते घरी आले.

घरी येऊन मात्र ते भिंतीकडं तोंड करून झोपले. साठीला आलेला माणूस, पण पाचवी नापास झालेल्या पोरासारखं त्यांना वाईट वाटत होतं. गावाकडं भावकीत सांगून बसले होते, एम.ए. करतोय म्हणून. दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खाडा केला. सुमनताईंनी चहा नेऊन ठेवला, तो निवून गेला.

अंधार पडला आणि फोन वाजला. दिव्या होती. "काकू, काका कुठंयत? आज बस आलीच नाही. आम्ही सगळे गेटवर आहोत. बाबांना फोन केला, ते निघालेत, लई चिडलेत."

सुमनताईंनी दोरीवर वाळत असलेल्या निळ्या शर्टाकडं पाहिलं आणि त्यांचा बांध फुटला. "येईल कशी? रोज त्या फाट्यावर कंपनीचा शर्ट घालून कोण हुबं ऱ्हातंय, ते तुमास्नी ठावं तरी हाय का? हजेरी कशापायी गेली त्यांची?"

आतल्या खोलीतून हिंदुराव ओरडले, "अगं, कशाला सांगतीस!" पण तोवर ते उठले होते, आणि दोरीवरचा ओला शर्ट तसाच अंगात घालत होते.

ते स्कूटरवर फाट्यावर पोचले तेव्हा सगळा वर्ग चालत तिथं आला होता. दिव्याचे वडील मोटारसायकलपाशी ताठ उभे होते, तेही कामावरून तसेच, खाकी युनिफॉर्मवर. हिंदुरावांनी कुणाकडं पाहिलं नाही. उलट्यासुलट्या गुंड्या लावलेल्या त्या शर्टात ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. उशिराची एक बस आली आणि मुकाट थांबली.

दिव्याच्या वडिलांनी ते सगळं पाहिलं. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, "अन् उद्या हे नसले की मंग?"

"मग मी उभी राहीन," दिव्या म्हणाली.

वडिलांनी मोटारसायकलला किक मारली आणि लेकीला म्हणाले, "बसनंच ये."

मिहिर दाढी खाजवत हिंदुरावांपुढं आला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, पण एवढंच जमलं, "काका, चुकलो. गेट मीटिंग लावतो. तुमची हजेरी माफ झालीच पाहिजे."

"लावू नका, भाऊ. करार मोडायची सवय आपुन लावली की साबणबी जातोय."

त्या विषयाच्या परीक्षेला हिंदुराव बसले नाहीत. बाकीचे विषय सुटले. पुढच्या वर्षी पावसाळ्यात नवी तुकडी आली आणि त्या एका विषयासाठी हिंदुराव तिच्याबरोबर पहिल्या बाकावर येऊन बसले. निम्मा तास झाला. गिरणीचा संप पेटला, मालक हटून बसला, आणि हिंदुरावांचा हात सवयीनं पिशवीत गेला. शर्ट नव्हता. घाबरून ते उठले.

दारात दिव्या उभी होती. निळा शर्ट तिला गुडघ्यापर्यंत येत होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. "बसा काका," ती म्हणाली. "प्रत्येकाला दहा टक्के खाडे चालतात ना करारात? आम्ही सगळ्यांनी मिळून वाटून घेतलेत. आज माझी पाळी आहे, उद्या मिहिरची. शर्ट काकूंनी दिलाय."

"बसा, हिंदुराव," चित्रा मॅडमही म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी मान वळवली नाही.

हिंदुराव बसले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी संप मिटलेला ऐकला. बाहेर बसचा हॉर्न वाजला. मॅडमनी हजेरी घ्यायला सुरुवात केली, त्यांचं नाव पुकारलं. उभं आयुष्य गेटवर घोषणा दिलेल्या त्या माणसाच्या गळ्यातून आवाज फुटेना. मॅडमनी पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारल्यावर मात्र हिंदुरावांनी असं काही "हजर!" ठोकलं की गेटवरचा वॉचमन दचकून उभा राहिला.